बॉडी फॅटच्या टक्क्यावरून टार्गेट वजन कसं ठरवायचं? (तीन ठिकाणी तीन आकडे आलेत)

सातबावीस_स्लो

नमस्कार मंडळी. आहार, चालणं, सूर्यनमस्कार यांवर इथे ढीगभर धागे आहेत, पण मला हवंय ते नेमकं सापडलं नाही म्हणून नवीन काढतोय. आधीच असेल तर सांगा, हा उडवायला सांगतो.

वय ४१, उंची १७० सेंमी, वजन ८२ किलो. मुलुंड ते फोर्ट रोजची ये-जा आणि दिवसभर खुर्ची. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं, म्हणजे मधुमेहाच्या काठावर, म्हणून घराजवळच्या एका जिममध्ये चौकशीला गेलो. त्यांनी अनवाणी करून त्या हँडलवाल्या मशीनवर उभं केलं आणि मिनिटाभरात कागद हातात ठेवला. चरबी ३२ टक्के. खाली चौकट: टार्गेट वजन ६५.६, चरबी -१६.४, स्नायू ०.०. ट्रेनर म्हणाला, "सर, सोळा किलोचा प्रोग्रॅम आहे," आणि त्याच दमात पॅकेजचं कार्ड पुढे केलं.

घरच्या ॲपवाल्या काट्यावर दुसऱ्या दिवशी पाहिलं तर २७ टक्के. मग नेटवर इंचटेपची एक पद्धत सापडली, अमेरिकन नौदलवाली. कंबर ९६, मान ३८ भरली, तर उत्तर २५.६ टक्के.

आता प्रश्न असा. टक्क्यावरून टार्गेट काढायची पद्धत मुळात बरोबर आहे का? असेल तर या तिघांतलं कोणाचं ऐकू? ६५ किलो हा आकडा ऐकूनच हातपाय गळालेत. बायको म्हणते तसा दिसलास तर लोक घरी भेटायला येतील, फळं घेऊन.

शेवगा

गणित अगदी साधं आहे, आधी ते उरकू. एकूण वजनातून चरबी वजा करायची. उरतं ते चरबीविरहित वजन, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी, अवयव सगळं. त्याला (१ वजा हवा असलेला टक्का) ने भागायचं.

तुमचं उदाहरण. ८२ चे ३२ टक्के म्हणजे २६.२४ किलो चरबी, उरले ५५.७६. मशीनने ते ०.८५ ने भागलंय, म्हणून ६५.६. म्हणजे १५ टक्के चरबी हे टार्गेट तुम्ही दिलेलंच नाही, ते मशीनने स्वतःच धरलंय. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पुरुषाला १५ आणि बाईला २३ हे आदर्श म्हणून आधीच भरलेले असतात. माणूस पंचविशीचा असो की साठीचा, मशीनला फरक पडत नाही.

आता १५ च्या जागी २० धरू, चाळिशीच्या बैठ्या माणसाला ते पुष्कळ झालं. जिमच्या आकड्यावरून टार्गेट येतं ६९.७. घरच्या काट्याच्या २७ वरून ७४.८. टेपच्या २५.६ वरून ७६.३. माणूस तोच, सकाळ जवळपास तीच, आणि टार्गेटमध्ये साडेसहा किलोंचा फरक. थोडक्यात सूत्राला दोष नाही, त्यात घातलेला आकडाच डळमळीत आहे. आणि दशांशानंतरचा तो ".६" तर निव्वळ शोभेचा.

माहीमची_खाडी

जुन्या पँटचा हुक श्वास न रोखता लागला की टार्गेट गाठलं. मशीन नको, टेप नको, धागा नको.

सोलकढी

खाडी, गंमत म्हणून ठीक, पण हल्ली निम्म्या पँटींना इलॅस्टिक असतं. हुक कुठून आणणार?

टिळकब्रिज

बरीच वर्षं ट्रेनर होतो, आता दुसरं काम करतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

ते मशीन चरबी मोजतच नाही. अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं आणि तिला किती अडथळा होतो ते बघतं. स्नायूंत पाणी भरपूर, त्यामुळे वीज सुरळीत जाते. चरबीत पाणी कमी. अडथळ्यावरून अंगातल्या पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबीविरहित वजनाचा अंदाज (त्यात साधारण ७३ टक्के पाणी असतं असं धरून), आणि ते एकूण वजनातून वजा केल्यावर जे उरेल ती तुमची चरबी. अंदाजावर अंदाज. मे महिन्यात मुलुंडहून उभ्याने प्रवास करून, घाम गाळून, पाणी न पिता त्यावर उभे राहिलात तर अंगात पाणी कमी, अडथळा जास्त, आणि कागदावर चरबी वाढलेली. लगेच व्यायाम करून उभं राहिलं, भरपेट जेवून उभं राहिलं, आकडा पुन्हा वेगळा. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस निराळे, कारण तेव्हा पाणी साठतं.

घरच्या काट्याची आणखी एक गोम. त्याला फक्त पायाखाली पट्ट्या असतात, त्यामुळे वीज एका पायातून वर जाते आणि दुसऱ्यातून उतरते. पोटाच्या घेराशी तिची गाठ जेमतेम पडते. मग पोटाचं कसं सांगतो? तुम्ही ॲपमध्ये भरलेल्या वय, उंची, लिंगावरून. करून बघा: काट्याच्या ॲपमध्ये "खेळाडू" असा पर्याय असतो. तो चालू करा आणि पुन्हा उभे राहा. एका मिनिटात चरबी कित्येक टक्के उतरते, घाम न गाळता.

पेसमेकर असलेल्यांनी या मशीनवर उभं राहू नये. गरोदर बायकांनीही टाळावं. जिममध्ये हे विचारायचं असतं, बरेचदा विचारत नाहीत.

सातबावीस_स्लो

टिळकब्रिज, आत्ताच करून पाहिलं. खेळाडू केल्यावर २७ चे २१ झाले! वीस टक्क्यांचं टार्गेट गाठायला एकच टक्का उरला. शेजारच्या खोलीतून बायकोने विचारलं एवढं हसायला काय झालं.

म्हणजे मशीन फेकून द्यायचं का?

टिळकब्रिज

फेकू नका. एकाच काट्यावर, एकाच वेळी, एकाच अवस्थेत घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून बघायला तो चालतो. सकाळी उठल्यावर, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. पाय कोरडे. पावसाळ्यात ओल्या पायांनी उभं राहू नका. आणि एका दिवसाच्या आकड्यावर जीव टाकू नका, आठवड्याची सरासरी बघा. २७ खरा की खोटा ते सोडा, तीन महिन्यांनी त्याच काट्यावर २४ दिसले तर चरबी घटली एवढं नक्की समजा. हवं तर "खेळाडू" कायम चालू ठेवा, फक्त मध्येच बदलू नका. :)

स्टेथो_गळ्यात

पेशाने फिजिशियन आहे. इथे कोणाला औषध सांगत नाही, तपासल्याशिवाय सांगूही नये, पण धागा चांगल्या वळणावर आहे म्हणून लिहितो.

आपल्या लोकांना चरबीच्या टक्क्याचा विचार करावा लागतो याला कारण आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. उंची-वजनाच्या तक्त्यात दोघेही एकाच चौकटीत बसतात. याज्ञिकांच्याच पुण्याजवळच्या खेड्यांतल्या कामातून असंही दिसलं की आपली बाळं जन्मतःच वजनाने कमी पण त्या मानाने चरबी राखून असलेली असतात. म्हणून भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषा खाली ओढल्या गेल्या: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे स्थूल. युरोपीय लोकांसाठी त्या २५ आणि ३० आहेत. सातबावीस, तुमचा बीएमआय २८.४ आहे, त्यामुळे कुठल्याही तक्त्याने वजन उतरवायची गरज आहेच. त्यावर वाद नको.

पण चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे मला तपासताना जास्त महत्त्वाचं वाटतं. मांडीवरची चरबी सहसा निरुपद्रवी. पोटात, यकृताभोवती साठलेली चरबी साखर बिघडवते. ती ना तुमचा काटा सांगतो, ना ते हँडलवालं मशीन खात्रीने सांगतं. कंबर सांगते. भारतीय पुरुषाची ९० सेंमीच्या आत, बाईची ८० च्या आत. दुसरा सोपा हिशेब: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०२२ पासून तेच सांगायला सुरुवात केली. तुमच्यासाठी निम्मी म्हणजे ८५. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने तर स्पष्टच म्हटलं की नुसत्या बीएमआयवर स्थूलतेचं निदान करू नका, कंबरेचं माप किंवा प्रत्यक्ष चरबीचं मोजमाप जोडीला घ्या.

आता टार्गेट. तुमचं दुखणं काठावरची साखर आहे, मग टार्गेट तिच्यावरून ठरवा. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२००२) अशा काठावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असं ठरवलं होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या भारतातल्या अभ्यासात (२००६) ही घट २८.५ टक्के होती, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं सरासरी वजन फारसं हललंच नव्हतं. खाणं सुधारलं, हालचाल वाढली, तेवढ्याने फायदा झाला. ८२ चे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो. ७६-७७ वर पोचा, मग पुन्हा एचबीएवनसी करा. ६५.६ ची चौकट कपाटात ठेवा.

पार्लेकर_काकू

डॉक्टर, एक विचारू? माझं वय ६३, उंची १५०, वजन ५२. मुलाने तसलाच काटा आणलाय. तो ३६ टक्के चरबी दाखवतो आणि "आदर्श वजन ४५" म्हणतो. सूनबाई म्हणते आई, तुम्ही तर बारीक आहात. मी मात्र रात्रीचं जेवण सोडलंय. भिशीतल्या एकीने तसंच केलं होतं, तिचं वजन उतरलं पण आता जिना चढताना पाय लटपटतात.

स्टेथो_गळ्यात

काकू, रात्रीचं जेवण आजपासून सुरू करा. तुमच्या मैत्रिणीचं झालं ते अगदी नेहमीचं आहे. साठीनंतर नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की स्नायू आणि हाडंही झिजतात. मग काट्यावर वजन कमी आणि चरबीचा टक्का होता तिथेच. तुमचा बीएमआय २३.१ आहे. ४५ किलोंवर तो २० होईल, त्याने काही साधत नाही. तुमच्या बाबतीत टक्का खाली आणायचा तो वजन उतरवून नाही, स्नायू वाढवून. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, जमेल तेव्हा पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. सोबत साखर, डी जीवनसत्त्व आणि हाडांची घनता एकदा तपासून घ्या. गुडघे दुखत असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सोलकढी

काकू, पार्ल्यात बागेत सकाळी चालायला येता का? मीही येते. खुर्चीचा व्यायाम मी दाखवीन, खुर्ची नसली तर बाकडं आहे.

शेवगा

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं तेच सातबावीसांच्या कागदावर दुसऱ्या बाजूने लागू होतं. त्या चौकटीतलं "स्नायू ०.०" बघा. म्हणजे सोळा किलो उतरवताना स्नायूचा एक ग्रॅमही जाणार नाही असं धरलंय. प्रत्यक्षात नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर उतरलेल्यापैकी साधारण पाव हिस्सा चरबीविरहित असतो असा ठोकताळा आहे.

तो धरून गणित पुन्हा करू. घरच्या काट्याचे २७ टक्के खरे माना, टार्गेट २०. स्नायू टिकवले तर ७४.८ किलोंवर तुम्ही २० टक्क्यांना पोचता. पाव हिस्सा गमावलात तर त्याच २० टक्क्यांसाठी ७१.६ पर्यंत उतरावं लागतं. सव्वातीन किलो जास्त मेहनत, आणि हातात अडीच किलो स्नायू कमी. मला तर या सगळ्या धाग्यातला हाच आकडा कामाचा वाटतो. टार्गेट वजन आधीपासून कुठे लिहून ठेवलेलं नसतं. तुम्ही कसे उतरता त्यावर ते सरकतं.

माहीमची_खाडी

शेवगा, तू लग्नाच्या पंगतीतही असंच मोजत बसतोस का रे?

शेवगा

मोजतो, पण जिलेबी आल्यावर बंद करतो.

सोलकढी

मी आहारतज्ज्ञ आहे, पण इथे सल्लामसलत काढून बसत नाही. एवढंच सांगते: स्नायू टिकवायचे तर दोनच गोष्टी, वजनं उचलणं (किंवा स्वतःच्या अंगाचं वजन, जोर-बैठकाही चालतील) आणि पुरेसं प्रोटीन. राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा हिशेब निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम असा आहे. वजन उतरवताना आणि व्यायाम करताना १.२ ते १.६ पर्यंत जातात. सातबावीसांनी ७५ किलो धरले तर दिवसाला ९० ते १२० ग्रॅम. आता आपल्या घरातली पातळ आमटी बघा, वाटीत पाच-सहा ग्रॅम असलं तर नशीब. अंड्यात सहा. पनीर शंभर ग्रॅमला अठराच्या आसपास. सोयाबीनच्या वड्या कोरड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर पंचवीसच्या पुढे, पण त्या घरात कोणी खात नाही हा माझा अनुभव. मांसाहारी असाल तर बांगडा उत्तम. ओल्या बोंबलावर मात्र भरवसा ठेवू नका, त्यात बहुतेक पाणीच. सुका बोंबील चालेल, फक्त शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते बघून.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने करू नये.

चिऊ_काऊ

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. मी २४, उंची १६०, वजन ५३, काट्यावर २७ टक्के. मला १८ करायचेत. शेवग्यांच्या सूत्राने ४७.२ आलं. इन्स्टावर सगळ्या मुलींची पोटं अशी सपाट दिसतात. गेल्या काही महिन्यांत तीन किलो उतरवलेत, पण पाळी दोनदा चुकली. ते वजन उतरल्यामुळेच असतं ना? पुढे आपोआप ठीक होतं ना?

स्टेथो_गळ्यात

चिऊ, आधी थांब. गरोदरपण नाही याची खात्री करून याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. आपोआप ठीक होईल म्हणून वाट बघायची ही गोष्ट नाही.

पाळी चुकणं म्हणजे शरीराने "पुरेसं खाणं येत नाहीये" असं ठरवून अनावश्यक खर्च बंद करणं. ते असंच चालू राहिलं तर हाडांवर परिणाम होतो, आणि तुझ्या वयात तर हाडांची शिल्लक अजून जमा होत असते. बाईच्या शरीरात साधारण बारा टक्के चरबी ही निव्वळ जगण्यासाठी, संप्रेरकांसाठी लागते. पुरुषात ती तीनच्या आसपास. म्हणून पुरुषांचे आकडे बायकांनी घ्यायचेच नाहीत. तुझे २७ हे तब्येतीच्या दृष्टीने व्यवस्थित आहेत. ४७.२ वर तुझा बीएमआय १८.४ होईल, तो कमी वजनात मोडतो. तुला टार्गेट वजनाची गरज नाही.

सोलकढी

+१. आणि चिऊ, ते फोटो सकाळी उपाशीपोटी, श्वास आत घेऊन, योग्य उजेडात काढलेले असतात. डॉक्टरांना भेटून आलीस की इथे नाही तर मला विपूत (खाजगी निरोपात) दोन ओळी टाक. खाण्याचा विचार दिवसभर डोक्यात घोळत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चिऊ_काऊ

हो ताई. आईला आज सांगितलं. शुक्रवारची वेळ मिळालीय.

घाटकोपर_पूर्व

मूळ प्रश्नाकडे येतो. तीन आकड्यांत भांडण असेल तर डेक्सा स्कॅन (एक्स-रेने हाडं, चरबी, स्नायू वेगळे मोजणारा) का करत नाही? तो पक्का असतो ना?

टिळकब्रिज

या सगळ्यांत तो बराच भरवशाचा, पण दगडावरची रेघ नाही. दोन कंपन्यांची मशीन एकाच माणसाला वेगळे आकडे देतात. त्यामुळे पुन्हा करायचा तर त्याच केंद्रात, त्याच मशीनवर. एक्स-रेची मात्रा अगदी नगण्य असते, ती भीती नको (गरोदर असाल तर सोडून).

मुंबईत एक घोळ होतो, तो आधीच सांगतो. फोन करून "डेक्सा करता का" विचारलं की हो म्हणतात. गेल्यावर कमरेचा मणका आणि खुबा एवढाच स्कॅन करून हाडांची घनता हातात देतात, कारण बहुतेक लोक त्याचसाठी येतात. "होल बॉडी, बॉडी कॉम्पोझिशन" असे शब्द फोनवरच उच्चारा, रिपोर्टमध्ये फॅट टक्का आणि लीन मास (चरबीविरहित वजन) येईल का ते विचारा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते का तेही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अर्धा दिवस रजा टाकून गेले आणि हाडं उत्तम आहेत एवढं कळून परत आले.

स्टेथो_गळ्यात

हौस असेल तर करा, नाहीतर सातबावीसांना त्याची गरज नाही. तेवढ्या पैशांत एचबीएवनसी, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि यकृतासाठी पोटाची सोनोग्राफी होते, आणि त्यावरून पुढे काय करायचं ते ठरतं. डेक्साने २७ चे २९ झाले तर तुम्ही वेगळं काय करणार आहात?

शेवगा

डॉक्टर, इथे थोडा असहमत. वेगळं काही करणार नसेल तरी सुरुवातीचा एक पक्का आकडा असला की सहा महिन्यांनी स्नायू गेले की चरबी गेली हे कळतं. कंबर एवढं सांगत नाही.

स्टेथो_गळ्यात

कंबर उतरतेय आणि बैठका वाढताहेत, तर स्नायू गेले नाहीत. त्याला स्कॅन लागत नाही. पण तुम्हाला आकड्यांची आवड आहे, तुमचा पैसा, तुमचं मशीन. :)

सातबावीस_स्लो

सगळ्यांचे आभार, एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर बोला.

पहिला टप्पा वजन ७७ किंवा कंबर ९० च्या आत, दोन्हींत जे आधी होईल ते. मग रक्ताची तपासणी. त्यानंतर ८५ कंबरेसाठी प्रयत्न, तेव्हा वजन ७२ असो की ७५. फॅट टक्का घरच्याच काट्यावर, खेळाडू न करता. जिम दुसरी बघतोय. आमच्या सोसायटीखालीच एक जुनी व्यायामशाळा आहे, तिथे मशीनही नाही आणि पॅकेजही नाही. लोखंडी प्लेटा, एक आरसा आणि भिंतीवर मारुती. मासिक फी ट्रेनरच्या पॅकेजच्या मानाने चहापाणी.

वेग किती धरू? ट्रेनरने सहा महिन्यांत सोळा किलो म्हटलं होतं.

टिळकब्रिज

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुमचे चारशे ते आठशे ग्रॅम. त्या हिशेबाने ट्रेनरचा वेग काही अचाट नव्हता, हेही त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने टार्गेट कुठून काढलं तेवढंच चुकीचं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळू नका, ते बहुतेक पाणी असतं. आणि गणपतीत दोन किलो वाढले तरी खचू नका, तेही बरंचसं पाणीच.

माहीमची_खाडी

गणपतीतले मोदकाचे असतात. पाण्याचे म्हणून खपवू नका.

पार्लेकर_काकू

सोलकढी, सोमवारी सकाळी येते. बाकडं धरून ठेव, साडेसहाला भजनीमंडळ येऊन बसतं.

घाटकोपर_पूर्व

शेवटचा बावळट प्रश्न. कंबर नेमकी कुठे मोजायची? मी पट्ट्याच्या रेषेवर मोजतो तर ८८ येते, बेंबीवर ९४.

स्टेथो_गळ्यात

बावळट अजिबात नाही, दवाखान्यातही हे चुकतं. पट्ट्याच्या रेषेवर नाही, पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा पोटाच्या खाली असतो. सर्वांत खालची बरगडी आणि खुब्याच्या हाडाची वरची कड, दोन्ही बोटांनी चाचपून त्यांच्या बरोबर मध्ये टेप. उभं राहून, श्वास सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही. दोनदा घ्या. ९० आणि ८५ चे आकडे या जागेसाठी आहेत.

शेवगा

आणि नौदलवाल्या सूत्रासाठी पुरुषांनी बेंबीच्या पातळीवर, बायकांनी कंबर सर्वांत बारीक असते तिथे, शिवाय बायकांना नितंबांचं मापही लागतं. दोन जागा मिसळू नका. सातबावीसांच्या कंबरेत दोन सेंमीची गडबड झाली तर २५.६ चे २६.९ होतात.

घाटकोपर_पूर्व

म्हणजे मी ८८ वर खूश होतो ते उगाच. शिंप्याची टेप चालेल ना?

टिळकब्रिज

चालेल, पण नवी घ्या. जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते, कंबर कमीच दाखवेल. दादरला शिवणसामानाच्या दुकानात फायबरची मिळते. घेताना स्टीलच्या पट्टीला लावून बघा.